शिलाईत राखलेलं कापड

प्रिय मनू,

परवा फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं की काहीतरी चांगलं घडलंय. फॅशन शोच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे मॉडेल निवडताना, तू सुचवलेल्या तिघीही निवडल्या गेल्या. एक गडद काळ्या रंगाची, एक अंगानं भरलेली आणि एक व्हीलचेअर वापरणारी. "आई, कुणी वादसुद्धा घातला नाही," असं तू दोनदा म्हणालीस. मला फार आनंद झाला गं. पण एक गोष्ट विचारायची राहिली आणि ती रात्रभर डोक्यात घोळत राहिली. या तिघींची मापं कुणी घेतली का?

फोनवर विचारलं असतं तर तुझ्या उत्साहावर पाणी पडलं असतं. म्हणून लिहितेय.

मी सॅम्पलिंगला, म्हणजे नव्या डिझाइनचा पहिला नमुना शिवतात तिथे, होते तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. शोच्या आदल्या दिवशीचं फिटिंग होतं. एक मुलगी आली, वीस-एकवीस वर्षांची असेल. ड्रेसला पाठीवर चेन होती. कमरेच्या वर चार बोटं गेली आणि अडली. मी तिच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. तिनं श्वास आत ओढून धरला, इतका की तिच्या बरगड्या माझ्या बोटांना लागल्या. चेन हलेना. मग ती मान वळवून मला हळूच म्हणाली, "सॉरी." ड्रेस मी बेतलेला, आणि माफी तिनं मागितली! समोरच्या खुर्चीतून आवाज आला, "पुढची पाठवा." तिनं ड्रेस उतरवला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि गेली.

त्या ड्रेसच्या शिलाईत मी कापड राखलेलं होतं. दोन्ही बाजू उसवल्या असत्या तर दीड इंच सहज सुटला असता. वीस मिनिटांचं काम. मी बोलले नाही. नोकरी नवी होती हे खरं, पण आज ते कारण मला पुरेसं वाटत नाही.

तू ज्या कामात पडली आहेस तिथे चेहऱ्यांची चर्चा फार होते, म्हणून मापाबद्दल सांगते. नव्या कलेक्शनचा प्रत्येक कपडा आधी एकाच मापात शिवला जातो. तोच रॅम्पवर जातो, तोच फोटोला जातो, तोच मासिकांकडे पाठवला जातो. ते माप म्हणजे साधारण पावणेसहा फूट उंची आणि चौतीस-पस्तीस इंचांचे नितंब. म्हणजे मुलगी दारातून आत येण्याआधी कित्येक आठवडे आमच्या टेबलावर ठरून गेलेलं असतं की कोण आत येणार नाही. कास्टिंग करणारे म्हणतात, आमच्याकडे तिच्या मापाचा कपडाच नाही, आम्ही काय करणार? ते खोटं बोलत नसतात. कपडा खरंच नसतो. पण तो नसतो कारण कुणी तो शिवायला सांगितलेलं नसतं.

आणि मोठं माप म्हणजे लहान पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागद, चारी बाजूंनी वाढवायचा, असं नसतं बरं. तिथेच घोळ होतो. कंबर चार इंचांनी वाढली म्हणून खांदा त्या हिशेबानं वाढत नाही. मुंढा नुसता मोठा केला तर हात वर करताना सगळा ड्रेस वर चढतो. छातीचे टक्स सरकवावे लागतात, त्यांची खोलीही बदलावी लागते. त्यासाठी वेगळा पॅटर्न काढायला हवा आणि त्या अंगाच्या मुलीवरच फिटिंग घ्यायला हवं. हे केलं नाही की काय होतं ते तू पाहिलं आहेस. बाकीच्यांना सुंदर बेतलेले ड्रेस, आणि भरलेल्या मुलीला अंगावर टाकलेला सैल कोट नाहीतर ताणलं जाणारं काहीतरी. लोक म्हणतात, "बघा, तिला शोभत नाही." पालोमा एल्सेसर या भरलेल्या अंगाच्या मॉडेलला २०२३ साली लंडनच्या फॅशन अवॉर्ड्समध्ये मॉडेल ऑफ द इयर निवडलं. तिचे फोटो मी मोठे करून बघते, आणि माझी नजर तिच्या खांद्याच्या शिलाईवर जाते. शिलाई जागच्या जागी असेल तर समजावं, कुणीतरी तिच्यासाठी बसून बेतलंय.

तू मला मागे बेथॅन हार्डिसन या कृष्णवर्णीय अमेरिकन मॉडेलबद्दल सांगितलं होतंस, तेव्हापासून मिळेल ते वाचत असते. न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या बाजारात ती बटणांच्या कारखान्यात काम करायची, हे वाचून मला ती एकदम आपल्यातली वाटली. नोव्हेंबर १९७३ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनरांचा शो झाला, त्यात ती चालली. अमेरिकन बाजूला तिच्यासारख्या कृष्णवर्णीय मुली इतक्या संख्येनं होत्या की पॅरिसवाले बघत राहिले. वाटलं असेल की आता दार उघडलं. पुढे १९८४ मध्ये तिनं स्वतःची एजन्सी काढली, १९८८ मध्ये इमान या मॉडेलला सोबत घेऊन कृष्णवर्णीय मॉडेलांची एक संघटना उभी केली. आणि तरीही २००० नंतरच्या काही वर्षांत मोठ्या शोमधून या मुली जवळजवळ दिसेनाशा झाल्या. ओळीनं एकसारख्या फिक्या, एकसारख्या सडपातळ मुली. कारण काय द्यायचे, तर लक्ष कपड्याकडे जावं म्हणून.

या कारणाचा मला मनापासून राग आहे. मी आयुष्यभर कापड माणसांच्या अंगावर टाचण्या लावून पाहिलंय. हळदीसारखा पिवळा गोऱ्या अंगावर कोमेजतो आणि काळ्या अंगावर पेटतो. पाठीचा बाक, खांद्याचा उतार, चालण्याची ढब बदलली की तेच कापड वेगळं पडतं. सगळ्या मुली एकसारख्या असल्या तर कापडाबद्दल काही नवीन कळतच नाही.

बेथॅननं २००७ मध्ये लोकांना एकत्र बोलावून हा विषय उघडपणे मांडला. दुसऱ्या वर्षी जुलैत इटलीच्या 'व्होग' या फॅशन मासिकानं फक्त कृष्णवर्णीय मॉडेल घेऊन अंक काढला, तो इतका खपला की पुन्हा छापावा लागला. काळे चेहरे विकले जात नाहीत म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. पण रॅम्प फारसा बदलला नाही. मग सप्टेंबर २०१३ मध्ये इमान आणि मॉडेल नाओमी कॅम्पबेलला बरोबर घेऊन बेथॅननं न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि मिलानच्या फॅशन संस्थांना पत्रं पाठवली. पत्रात विनवण्या नव्हत्या, मोजदाद होती. कुठल्या डिझायनरच्या शोमध्ये एकही कृष्णवर्णीय मॉडेल नव्हती, कुठे एकच होती, त्यांची नावानिशी यादी. आणि हेतू काहीही असो, परिणाम वंशभेदच आहे, असं स्पष्ट वाक्य. त्या एका वाक्यामुळे मला ती फार मोठी वाटते. कारण आमच्या खोलीतही कुणी वाईट माणसं नव्हती, मनू. त्या मुलीला दुखवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. तरी ती गेलीच ना.

म्हणून तू वही ठेव. प्रत्येक शोला किती मुली बोलावल्या, किती निवडल्या, कुणाचं नाव शेवटच्या दिवशी कापलं आणि कारण काय दिलं. तारखेसकट लिही. कुणाला लगेच दाखवू नकोस, पण लिही.

त्या काळ्या मुलीच्या मेकअपचं काय ठरलंय, तेही विचार. २०१५ साली दक्षिण सुदानच्या न्याखोर पॉल या मॉडेलनं इन्स्टाग्रामवर जाहीर विचारलं होतं की गोऱ्या मुली रिकाम्या हातानं येतात, मग मी माझा मेकअप घरून का आणायचा? साठ-पासष्ट वर्षांपूर्वीही हेच होतं. कृष्णवर्णीय मॉडेलांचा एबनी फॅशन फेअर हा फिरता शो १९५८ मध्ये सुरू झाला, पुढे युनिस जॉन्सन तो चालवायची. तिच्या मुली चेहऱ्याला लावायची वेगवेगळी फाउंडेशनं एकमेकांत मिसळून आपला रंग तयार करायच्या. ते बघून तिनं १९७३ मध्ये मेकअपची स्वतःची कंपनी काढली. त्यानंतर इतक्या वर्षांनी न्याखोरला तोच प्रश्न विचारावा लागला. आता रिहानाच्या कंपनीनं २०१७ मध्ये एकदम फाउंडेशनच्या चाळीस छटा बाजारात आणल्यावर बाटली मिळत नाही म्हणायची सोय उरलेली नाही. तरी बाटली आणून ठेवायला माणूस लागतं. केसांचंही तसंच. तिच्या कुरळ्या केसांना हात लावणाऱ्याला ते काम येतं का, हे आधी विचारून ठेव. ऐन वेळी तिला आरशासमोर एकटी बसवून सगळे दुसरीकडे वळतात, ते मी पाहिलंय.

हलीमा एडनचंही तुला सांगायचं होतं. हिजाब घालून मोठ्या रॅम्पवर चालणाऱ्या पहिल्या मुलींपैकी ती. हिजाब काढावा लागणार नाही हे तिनं करारातच लिहून घेतलं होतं, कपडे बदलायला तिला वेगळी जागा मिळायची. आणि २०२० मध्ये तिनं हे काम सोडलं. दर शूटला आपला हिजाब लहान होत गेला, असं ती म्हणाली. पण मला लागलं ते दुसरंच. तिच्या मागून आलेल्या एका हिजाबवाल्या मुलीला कपडे बदलायला स्वच्छतागृह शोध म्हणून सांगितलं गेलं, हे तिनं पाहिलं. म्हणजे जी सोय दिली ती हलीमाला दिली, पुढच्या मुलीसाठी ती राहिली नाही. तुझ्या तिघींना जे मिळेल ते त्यांच्यापुरतं आहे की पुढच्या यादीतल्या मुलींनाही मिळणार आहे, हे कागदावर येऊ दे.

कायदे हळूहळू येताहेत, हे बरं झालं. सारा झिफ ही स्वतः मॉडेल. तिनं २०१२ मध्ये मॉडेल अलायन्स सुरू केली आणि त्यांच्या रेट्यानं न्यूयॉर्क राज्याचा नवा कायदा जून २०२५ पासून लागू झाला. मॉडेलच्या लेखी संमतीवाचून तिची संगणकावर बनवलेली प्रतिकृती वापरता येत नाही, असं त्यात आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं. २०२३ मध्ये लिव्हाइस या जीन्सच्या कंपनीनं कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेल्या मॉडेल वापरून विविधता वाढवायचं जाहीर केलं आणि लोक भडकले. खऱ्या मॉडेलना हा पर्याय नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. चित्रातल्या काळ्या मुलीला फाउंडेशन लागत नाही, पगार लागत नाही, तिच्यासाठी शिलाई उसवावी लागत नाही. पण चित्रात काळी मुलगी आली म्हणून खऱ्या मुलीला काम मिळालं असं होत नाही.

अजून एक. नाओमी कॅम्पबेल सांगते की क्रिस्टी टर्लिंग्टन आणि लिंडा इव्हांजेलिस्टा या तिच्या सोबतच्या मॉडेल एका डिझायनरला म्हणाल्या होत्या, नाओमीला घेणार नसाल तर आम्हीही येणार नाही. त्या दोघींचं काम व्यवस्थित चाललं होतं, त्यांना गप्प बसता आलं असतं. तुझं काम आता कुठे सुरू होतंय, तुला इतकं ताणता येणार नाही, मला कळतं. पण फिटिंगच्या खोलीत "शिलाईत कापड आहे का?" एवढं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. मी ते विचारलं नाही. तू विचार.

आता व्हीलचेअरवाल्या मुलीचं, कारण तिथे वेळ सगळ्यात कमी आहे. तिला पँट देणार आहात म्हणालीस. तिची मापं तिला खुर्चीत बसवूनच घ्या. बसलेल्या माणसाला पँट मागून खाली ओढली जाते आणि पुढे पोटाशी कापड गोळा होतं. म्हणून मागची उंची जास्त हवी, पुढची कमी. लांबी गुडघा वाकवून मोजा, नाहीतर घोटे उघडे पडतील. मागे खिसे नकोत, जाड शिलाई नको, तासन्‌तास त्यावर बसायचंय तिला. बाही मनगटाशी बेताची ठेवा, चाकात अडकायला नको. आणि हे सगळं करण्याआधी तिला विचारा, कारण तिच्या अंगाला काय टोचतं ते तिलाच ठाऊक.

तुमच्या पॅटर्न मास्टरना हे माहीत असेल तर उत्तमच. नसेल तर मापं मला पाठव. कमरेचा घेर बसून, मागची उंची कमरेपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत, मांडीचा घेर, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. रविवारी पाठवलीस तर सोमवारी कागद कापून देते. दोन्ही बाजूंना इंचभर कापड राखून.

तुझी,
आई