बौद्धिक दिव्यांगांसाठी प्रशिक्षित परिचारिका हव्यात

आमच्या शेजारी राहणाऱ्या विडी कामगार ताईंचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. दाढ दुखली तरी त्याला सांगता येत नाही, तो भिंतीवर डोकं आपटतो. दवाखान्यात ‘हट्टी आहे’ म्हणून त्याला चौघांनी दाबून धरलं. फार वाईट वाटलं. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी नर्सिंगची स्वतंत्र शाखा आहे, साधारण ३ वर्षांची पदवी. रक्तदाबाचा पट्टा आधी रुग्णाच्या हाती देणं, चित्रं दाखवून समजावणं, वागण्यातून दुखणं ओळखणं हे त्यात शिकवतात. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे, पण नर्सिंगमध्ये अशी वेगळी पदवी नाही. सोलापुरात नर्सिंग शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी निदान प्रमाणपत्र अभ्यासक्रम तरी सुरू करावा.

– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर