ग्राहकाचा पत्ता झाकणाऱ्या मॅडमना

मॅडम,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मॅडम. आमच्या ट्रेडमार्कचा, म्हणजे धंद्याच्या नावाच्या नोंदणीचा, अर्ज तुमच्या हातून दाखल झाला, अर्ज क्रमांक हातात आला, तो सांगायला तुम्हाला फोन केला, तर 'बरं झालं, मूळ कागद जपून ठेवा' एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात. समोरचं माणूस आभार मानायच्या बेतात आहे याचा सुगावा लागला की तुम्ही असंच करता, हे आता आम्हाला ठाऊक झालंय. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आता ठेवा बघू फोन!

आधी थोडं कडू बोलून घेते, नाहीतर तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्याला नीट उमगायचं नाही.

आम्ही दोघी मैत्रिणी हाताने शिवलेल्या वह्या करतो आणि लोकांची जुनी, उसवलेली पुस्तकं पुन्हा बांधून देतो. नावाची नोंदणी करायची ठरवली तेव्हा पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो, ते गृहस्थ बोलायला फार गोड. 'शंभर टक्के नोंदणी होणार, निर्धास्त राहा.' ट्रेडमार्क कार्यालयातल्या परीक्षकाने अर्ज उघडून बघायचाय, मग तो प्रसिद्ध व्हायचाय, त्यावर कोणी विरोध नोंदवतंय का ते कळायचंय, आणि यांची हमी मात्र आगाऊ रकमेबरोबरच मिळाली. नावाचा शोध घेतला म्हणजे काय केलं, तर आमचं नाव जसंच्या तसं टाइप केलं, तंतोतंत तसं काही सापडलं नाही, ते पान छापून आमच्या हातात ठेवलं. वर्ग, म्हणजे नाव कुठल्या प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी नोंदवायचं त्याचे ठरलेले गट, ते किती टाकायचे? 'जितके जास्त तितकं सेफ.' प्रत्येक वर्गामागे फी वाढते, हे त्या सेफमध्ये कुठे बसतं ते त्यांनी सांगितलं नाही. नाव कधीपासून वापरताय? 'चार-पाच वर्षं मागची तारीख टाका, सगळेच टाकतात.' आणि खोक्यांवर नावापुढे वर्तुळातला आर आत्ताच छापून घ्या म्हणे, छाप पडते. नोंदणी होण्याआधी ती खूण लावणं कितीतरी देशांत गुन्हा आहे, तोवर ™ लावायची असते, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. नशीब, खोकी अजून छापायला जायची होती.

आणि ते लॅमिनेशन! आमची पहिली वही ज्या कुरिअरने गेली त्याची पावती, म्हणजे नाव तेव्हापासून वापरात असल्याचा पुरावा, आम्ही जपून ठेवली होती. पातळ, गुळगुळीत, मशीनमधून सरसर बाहेर येते ती. 'टिकायला हवी' म्हणून त्यांनी ती लॅमिनेट करून आणली. आता ज्या कागदावर अक्षरं उष्णतेनेच उमटतात तो तापलेल्या रोलरमधून काढल्यावर काय व्हायचं? पावती काळी ठिक्कर. तारीख नाही, वजन नाही, काही नाही. त्यावर त्यांचं उत्तर, 'दुसरी काढून आणा.' जणू ती आमच्या घरी छापली होती. त्यानंतर त्यांनी आमचे फोन घेणंच बंद केलं.

तर अशा अवस्थेत आम्ही तुमच्यासमोर येऊन बसलो. मला वाटलं होतं, आधीच्या माणसाच्या नावाने तुम्ही दोन शब्द सुनवाल. कोणीही सुनावले असते, आम्हीही मनातून त्याच तयारीत होतो. तुम्ही ती काळी पट्टी खिडकीकडे धरून तिरकी करून पाहिलीत, खाली ठेवलीत आणि विचारलंत, 'बिल फाडलं असेल ना? मग बिलबुक कुठंय?'

बिलबुक होतं, पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली. दुसऱ्या दिवशी आणलं. त्यातली कार्बन कॉपी फिकट झाली होती, पण वाचता येत होती. वर आमच्या नावाचा शिक्का, खाली तारीख, वहीचं वर्णन. मैत्रीण आनंदाच्या भरात ते पान फाडून तुमच्या हातात द्यायला निघाली, तर तुम्ही तिचा हात धरलात. 'फाडू नका. सुटं पान कोणीही आणू शकतं. मागचा नंबर मागे, पुढचा पुढे, असं पुस्तकात शिवलेलं पान आहे म्हणून त्याला वजन आहे.' वहीच्या शिवणीवर आमचं पोट चालतं, पण शिवणीचा हा उपयोग आम्हाला नवा होता.

आणि मग तुम्ही ते केलंत, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय.

प्रत काढण्याआधी तुम्ही ते बिल पुन्हा वाचलंत. त्यावर आमच्या पहिल्या ग्राहक बाईंचं नाव होतं, खाली त्यांचा पूर्ण पत्ता, फोन नंबर. तुम्ही विचारलंत, 'यांना माहीत आहे का, हे बिल तुम्ही लावताय ते?' आम्ही एकमेकींकडे बघितलं. हा प्रश्न आमच्या आधीच्या गृहस्थांना तर सोडाच, कोणालाच पडला नसता. तुम्ही समजावून सांगितलंत की पुष्कळ ठिकाणी ट्रेडमार्कच्या अर्जाची कागदपत्रं कोणालाही उघडून बघता येतात. एकदा वर गेलेला कागद तिथेच राहतो. मग तुम्ही खणातून कोरा कागद काढलात, कात्रीने त्याची बोटभर रुंद पट्टी कापलीत, आणि पत्ता आणि फोन नंबर झाकेल अशी ती बिलावर ठेवलीत. तारीख उघडी, माल उघडा, आमचा शिक्का उघडा. पट्टी जरा तिरकी बसली म्हणून पुन्हा सरळ केलीत. मग प्रत काढलीत. मूळ बिलाला टाचणीसुद्धा लागली नाही.

सगळं मिळून मिनिटभराचं काम. त्या बाई तुमच्या कोणी लागत नाहीत. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पुढे पाहायची शक्यताही नाही, आणि आपला फोन नंबर कोणीतरी झाकला हे त्यांना कळायचंही काही कारण नव्हतं. (आता कळलंय. मी फोन करून सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, 'अशी माणसं अजून आहेत होय?' आणि आणखी दोन वह्या मागवल्या.)

घरी जाताना मैत्रीण म्हणाली, आपलं काम आता नीट होणार. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाली, त्या पट्टीवरून.

बाकीचं तुम्ही केलंत तेही याच हाताचं. शोधाचंच घ्या. तुम्ही यादीतली नावं पडद्यावर नुसती वाचली नाहीत, मोठ्याने उच्चारत गेलात, मध्येच डोळे मिटून आमचं नाव म्हणायचात आणि मग त्यांचं. स्पेलिंग वेगळं असून काय उपयोग, म्हणालात, ग्राहक फोनवर नाव सांगतो तेव्हा कानाला सारखं लागलं तर घोळ झालाच. परीक्षक उच्चारही बघतो, दिसणंही आणि अर्थही. एका नावापाशी तुम्ही बराच वेळ अडलात, ते कशासाठी नोंदलंय ते उघडून पाहिलंत, आणि माल अगदीच वेगळा आहे अशी खात्री झाल्यावरच पुढे गेलात. ते नावही तुम्ही आम्हाला लिहून दिलंत. 'धोका कमी आहे, नाही असं नाही,' हे वाक्य आम्हाला शंभर टक्केवाल्या हमीपेक्षा कितीतरी धीराचं वाटलं.

वर्गांच्या बाबतीत तर तुम्ही स्वतःच्याच मिळकतीवर रेघ मारलीत. जगभर ज्या वर्गवारीने हे काम चालतं ती फ्रान्समधल्या नीस शहरात 1957 साली झालेल्या करारातून आली, तिच्यात 45 वर्ग आहेत, 34 मालाचे आणि 11 सेवांचे, हे सांगताना तुम्ही आमची वही हातात घेऊन उलटसुलट करत होतात. वही 16 मध्ये, हे ठीक. पण लोकांची पुस्तकं बांधून देणं ही सेवा आहे, ती 40 मध्ये जाते. आधीच्या कागदांत ती 16 मध्येच कोंबली होती. चामड्याच्या पिशव्यांसाठी 18, शिकवण्यांसाठी 41, ॲपसाठी 9, असं बरंच काही त्या गृहस्थांनी लिहून ठेवलं होतं. तुम्ही विचारलंत, 'पिशव्या करता?' नाही. 'शिकवता?' कधीतरी शिकवू. 'मग तेव्हा करू अर्ज.' पेन्सिलीने काट. न वापरलेल्या वर्गातली नोंद बरीच वर्षं तशीच पडून राहिली तर उद्या कोणी ती काढायला लावू शकतं, मग आज तिचे पैसे का भरायचे, हा तुमचा सरळ हिशोब. जितके वर्ग कमी तितकी तुमची फीही कमी, हे आम्हाला नंतर बिल बघून कळलं.

वापराच्या तारखेवर तुम्ही एक शब्दही जास्त बोलला नाहीत. बिलबुक पुढ्यात होतं, त्यातली तारीख अर्जात गेली. ते लिहून झाल्यावर फक्त एवढं म्हणालात, 'हे प्रतिज्ञापत्रावर जाणार आहे, खाली सही तुमची असणार आहे.' मागची तारीख टाका म्हणणाऱ्याची सही कुठेच असणार नव्हती, हे तेव्हा डोक्यात आलं आणि अंगावर काटा आला.

एक प्रश्न मात्र तुम्ही विचारलात तेव्हा खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं होतं. अर्जदार कोण? आधीच्या कागदांवर एकट्या माझं नाव होतं, 'कोणाचंही टाका, काय फरक पडतो' या तत्त्वावर. तुम्ही आम्हा दोघींना समोरासमोर बसवून विचारलंत, 'उद्या तुमचं पटलं नाही तर नाव कोणाचं?' मैत्रिणीने हसून विषय टाळायचा प्रयत्न केला. तुम्ही हसलात, पण प्रश्न मागे घेतला नाहीत. आज गोडीत आहात तेव्हाच लिहून टाका, वाईटपणा कोणाकडेच येत नाही. अर्ज भागीदारीच्या नावाने गेला, भागीदारीचा कागदही त्याच आठवड्यात झाला. घरच्या मोठ्या माणसाने विचारायचा तो प्रश्न तुम्ही विचारलात. लोगो काढून देणाऱ्या मुलाकडून हक्क आमच्याकडे दिल्याचं पत्रही तुम्हीच घ्यायला लावलंत. पैसे दिले म्हणजे चित्रावरचा हक्क आपोआप मिळतोच असं नाही, हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या मुलालाही नव्हतं. त्याला काय लिहून देतोय ते आधी नीट वाचायला लावा, घाईत सही घेऊ नका, हेही तुम्ही वर सांगितलंत. म्हणजे तिथेही, खोलीत नसलेल्या माणसाची बाजू!

मला वाटतं, सज्जनपणा असा कुठेतरी कडेकडेने दिसतो. समोर बसलेल्या, पैसे देणाऱ्या माणसाशी चांगलं वागायला फारसं काही लागत नाही, तो धंद्याचाच भाग झाला. आमचे ते गृहस्थही आमच्याशी गोडच बोलायचे, चहा विचारायचे. पण जो समोर नाही, ज्याला कळणार नाही, ज्याच्याकडून उद्या काही मिळायचं नाही, त्याचा विचार हाताखालचं काम करता करता ज्याच्या मनात येतो, अशी माणसं मला आजवर फार थोडी भेटलीत. त्यातली बरीचशी अशाच टेबलांमागे बसलेली असतात, कागद लावत, पानांना नंबर घालत. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत. तुमचंही येणार नाही, कारण तुम्ही येऊ देत नाही.

अर्ज आता रांगेत आहे. परीक्षकाची शंका येऊ शकते, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर कोणी विरोधही करू शकतो, नोंद झालीच तरी बहुतेक देशांत दर दहा वर्षांनी ती नव्याने चालू ठेवावी लागते. हे सगळं तुम्ही आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे आम्ही पेढे वाटायची घाई केलेली नाही. खोकी छापून आली आहेत, नावापुढे ™ आहे, तेवढंच. तुम्ही सहा महिन्यांच्या मुदतीची जी तारीख लिहून दिली होतीत, तिच्या आत परदेशात अर्ज केला तर त्यालाही पहिल्या अर्जाचीच तारीख मागता येते ती, तीही भिंतीवर लावून ठेवलीय. जाऊ की नाही माहीत नाही, पण मुदत चुकली असं व्हायला नको.

नोटीस आली तर फाइल आणि बिलबुक घेऊन तुमच्याकडेच येणार आहोत. त्या वेळी फी पुरती लावा. या खेपेला 'जुने कागद शोधायचं काम तर तुम्हीच केलंत' म्हणून जी कमी केलीत, ती आम्ही विसरलेलो नाही, आणि पुढच्या वेळी ऐकूनही घेणार नाही.

तुमच्या,
वह्यावाल्या दोघी