रद्द झालेल्या कंत्राटावरही कर्ज मिळावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संरक्षण खात्याची ऑर्डर लघुउद्योजकाने कशी मिळवावी यावर मेळावे भरतात. मिळालेली ऑर्डर मध्येच बंद झाली तर काय, हा प्रश्न तिथे फारसा निघत नाही. अमेरिकेने तो दुसरे महायुद्ध ऐन भरात असतानाच हाताळला होता.

मार्च १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने युद्ध खाते, नौदल आणि सागरी आयोग यांना युद्धसामग्री बनवणाऱ्यांच्या बँककर्जाला हमी देण्याचा अधिकार मिळाला. कर्ज नेहमीचीच बँक देई, फेडरल रिझर्व्ह बँका (तिथल्या मध्यवर्ती बँका) सरकारच्या वतीने कागदपत्रे पाहत, आणि कर्ज बुडाल्यास ठरलेला हिस्सा सरकार सोसे. ही ‘व्ही-कर्जे’ होत. पण शांतता झाली की कंत्राटे रातोरात रद्द होतील आणि खेळते भांडवल अर्धवट मालात अडकेल, ही कारखानदारांची धास्ती त्याने जाईना. १९१८ च्या युद्धविरामानंतर दावे कसे रखडले, हे त्यांच्या स्मरणात होते. म्हणून १९४३ मध्ये, कंत्राट रद्द झाल्यास अडकणारे भांडवलही मोकळे करणारी ‘व्हीटी-कर्जे’ आणि पुढे, नॉर्मंडीत सैन्य उतरून महिनाही झाला नसताना, १ जुलै १९४४ च्या कंत्राट निपटारा कायद्यानंतर खास रद्द कंत्राटांपोटी येणे असलेल्या रकमेवर ‘टी-कर्जे’ सुरू झाली. उपकंत्राटदारही या कायद्याच्या कक्षेत होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

भोसरीतील माझ्या शेडमध्ये अशाच एका ‘शॉर्ट क्लोज’ झालेल्या, म्हणजे मध्येच बंद केलेल्या ऑर्डरचा माल आजही पडून आहे: टर्निंग झालेले, बोअर केलेले, केवळ ग्राइंडिंग राहिलेले सुटे भाग. ते त्या एका ड्रॉइंगखेरीज कुठेही बसत नाहीत. भंगारवाला किलोवर भाव सांगतो आणि बँकेने हा माल स्टॉक स्टेटमेंटमधून (तारण मालाच्या यादीतून) वगळल्यामुळे कॅश क्रेडिटची, म्हणजे त्या मालावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची, मर्यादा नेमकी गरजेच्या वेळी आखडली. लघुउद्योगांचे पैसे वेळेत चुकते व्हावेत म्हणून २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात असलेली ४५ दिवसांची मुदत स्वीकारलेल्या मालाच्या बिलाला लागते, न उचललेल्या मालाला नाही. विनातारण कर्जाला हमी देणारा ट्रस्ट आपल्याकडे २००० सालापासून आहे, पण बँक अखेर हिशेब धरते तो चालू ऑर्डरींचाच.

दावे फुगवले जातील, ही शंका रास्त आहे. अमेरिकेने त्यासाठी सर्वांचे पैसे अडवून धरले नाहीत. तडजोडीचा अधिकार खरेदी करणाऱ्या खात्यालाच दिला आणि सरकारी लेखापरीक्षकांकडे नंतर लबाडी शोधण्याचे काम ठेवले. (आपल्याकडे त्या लेखापरीक्षणाच्या धाकानेच फाईल टेबलावरून हलत नाही.)

रद्द ऑर्डरच्या दाव्याचा खरेदीदाराने मान्य केलेला भाग तारण धरून त्यावर याच ट्रस्टची हमी मिळावी आणि ती उपपुरवठादारापर्यंत पोहोचावी, एवढी तरतूद केंद्राने सध्याच्या योजनेत करावी.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे