घरट्याचा पत्ता छापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर आपण दूधराजाच्या घरट्याचे रंगीत छायाचित्र छापले. छायाचित्र सुरेख आहे, याबद्दल वाद नाही. आपल्या मध्य प्रदेशाचा हा राज्यपक्षी. पांढराशुभ्र नर, त्याची वीतभराहून लांब शेपटी आणि घरट्यात चोची वासून बसलेली तीन पिल्ले. मात्र छायाचित्राखालच्या ओळीत महूकडच्या घाटातील ओढ्याचे नाव, जवळचे गाव आणि रस्ता सोडल्यावर किती चालावे लागते, हेही छापले आहे. तो तपशील मी येथे मुद्दाम पुन्हा लिहीत नाही.

हे पत्र माझे असले तरी तक्रार आम्हा दोघांची आहे. माझे एक शाळासोबती आणि मी गेली पन्नासहून अधिक वर्षे एकत्र पक्षी पाहत आलो आहोत. धार रस्त्याने सायकली हाणत सिरपूर तलावावर जायचे, त्यांनी छायाचित्रे काढायची आणि मी वहीत नोंदी करायच्या, अशी वाटणी तेव्हाच ठरली व ती पुढे कधी बदलली नाही. छत्तीस छायाचित्रांचा एक रोल महिनाभर पुरवायचा असल्यामुळे एका हळदी-कुंकू बदकासाठी ते तासभर बोट न दाबता बसत. समोरची तुतारी (पाणकाठचा लहान पक्षी) हिरवी की ठिपकेवाली, यावरून आम्ही एकदा तलावापासून राजवाड्यापर्यंत भांडत आलो होतो. (ती हिरवीच होती. उडताना तिच्या पंखांची खालची बाजू काळपट दिसली होती, पण हे त्यांनी कबूल केले ते पुढच्या हिवाळ्यात.)

आता त्यांची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून रविवारचे वर्तमानपत्र मी त्यांच्याकडे जाऊन वाचून दाखवतो. दूधराजाच्या छायाचित्राचे वर्णन ऐकल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘घरट्यावर पान आहे का रे?’’ मी भिंग लावून पाहिले. पान नव्हते. डाव्या कोपऱ्यात मात्र नुकत्याच छाटलेल्या फांदीचे पांढरे टोक स्पष्ट दिसत होते.

हा प्रश्न त्यांना का सुचला, ते मला ठाऊक आहे. कॉलेजात असताना त्यांच्या वाड्यामागच्या मेंदीच्या कुंपणात बुलबुलाने घरटे केले होते. उजेड नीट पडावा म्हणून आम्ही दोघांनी वरची डहाळी सुतळीने बाजूला बांधली. मादी परत येऊन अंड्यांवर बसली, छायाचित्रेही मनासारखी मिळाली आणि त्या आनंदात सुतळी सोडायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. कावळ्याने नेले की भारद्वाजाने, ते कळले नाही. उघडे मात्र आम्ही केले होते. तो रोल धुऊन आला तेव्हा त्यांनी त्यातील सर्वांत चांगल्या छायाचित्रामागे पेन्सिलीने ‘घरटे. पुन्हा नाही.’ असे लिहून ते पाकिटात घातले आणि नंतर कोणालाही दाखवले नाही.

दूधराज कोळ्याच्या जाळ्याने बारीक गवत लिंपून वाटीएवढे घरटे बांधतो आणि नर-मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. माणसे घरट्याभोवती ठाण मांडून बसली की आईबापांची ये-जा थांबते आणि उघडी पिल्ले उन्हात तापतात. टिटवीसारखा जमिनीवर अंडी घालणारा पक्षी तर माळव्यातल्या उन्हाळ्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतो व अंडी गार ठेवतो. अशा पक्ष्याला कॅमेऱ्यासाठी अर्धा तास दूर ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे येते. त्यासाठी बंदूक लागत नाही.

सिरपूर आणि यशवंतसागर हे तलाव २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि तरुण मंडळी कॅमेरे घेऊन पहाटे बाहेर पडू लागली, याचा आम्हा दोघांनाही आनंदच आहे. परंतु आता पावसाळ्यात यशवंतसागराच्या परिसरात सारसांच्या विणीचे दिवस येतील. एखाद्याने घरट्याचे छायाचित्र पाठवले आणि आपण ते ठिकाणासह छापले, तर पुढच्या रविवारी तेथे किती गाड्या उभ्या राहतील, याचा विचार व्हावा. घरट्यांची छायाचित्रे आपण स्वीकारू नयेत आणि विणीच्या काळात पक्ष्याचे ठिकाण म्हणून जिल्ह्याच्या नावापलीकडे काही छापू नये, एवढीच विनंती आहे.

पुरवणीची जागा रिकामी राहण्याची काळजी नसावी. माझ्या मित्रांकडे सिरपूरच्या जुन्या कृष्णधवल निगेटिव्हचे दोन पत्र्याचे डबे आहेत. ते आपल्याला विनामूल्य देण्यास ते तयार आहेत. बुलबुलाचे पाकीट तेवढे मी आधी काढून ठेवीन.

आपला,
एक जुना वाचक, इंदूर