विरघळणारा धागा आणि आमचा आषाढ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिवण न उसवता पाण्यात आपोआप सुटावी म्हणून काढलेल्या विरघळणाऱ्या धाग्यांबद्दल आपल्या पुरवणीत वाचलं. मी मालवणात तीस वर्षं शिवणकाम करते आणि त्यातला निम्मा वेळ उसवण्यातच गेलाय. एका दशावतारी मंडळाचे कपडे माझ्याकडे असतात. जुन्या शालूचा काठ सोडवून नव्या अंगरख्याला लावायचा म्हणजे अर्धा दिवस मोडतो, आणि ब्लेड जरा घसरलं की जरीची तार तुटलीच.

अमेरिकेत बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या मंडळींनी २०२४ मध्ये जिलेटिनचा धागा काढणारं, टेबलावर मावेल असं यंत्र दाखवलं. खर्च सुमारे ५६० डॉलर. धागा गरम पाण्यात काही मिनिटांत, फार तर तासाभरात विरघळतो. म्हणजे काठ, बटणं, कापड सगळं आपसूक सुटं! (जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचं, ते देवळापुढच्या खेळात चालेल का, हा वाद वेगळाच.)

पण आमच्याकडे आषाढात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. जिलेटिन ओल धरतं, ओलं झालं की अंगाच्या उबेनेही मऊ पडतं. दशावतारी नट तर पहाटेपर्यंत घामाने निथळत असतो. ऐन युद्धात संकासुराची बाही गळून पडली तर लोक हसतील, शिव्या मला पडतील.

त्यापेक्षा अल्जिनेट बरं वाटतं. ते तपकिरी समुद्री शेवाळापासून निघतं. आपल्या खडपांवर वाढणारं सरगॅसम त्यातलंच. कॅल्शियम अल्जिनेटचा धागा साध्या पाण्याला दाद देत नाही, धुण्याच्या सोड्यात मात्र विरघळतो. इंग्लंडात पूर्वी सलग विणलेले मोजे सुटे करायला मध्ये हाच धागा घालत, मग साबणाच्या पाण्यात धूत. अडचण एवढीच, की आपल्या कपड्याच्या पावडरीतही सोडा असतो. शाळेच्या गणवेशाची टीप याने मारली तर पहिल्या धुण्यालाच चड्डी उसवेल. कच्च्या टाक्यांना मात्र हा धागा झकास, कारण ते धुण्यात जायलाच हवेत. आणि नाटकाचे कपडे आम्ही पावडरीत घालतच नाही.

तेव्हा नुसतं ‘विरघळतो’ म्हणू नका. कशात, किती गरम पाण्यात आणि घामात किती टिकतो, तेही छापा. पायमशीनवर बॉबिनमध्ये तुटतो का, हे कुणीच लिहीत नाही. कुणाला तपासायचं असेल तर जुलैत एक रीळ घेऊन यावं. मशीन माझं, दमट हवा फुकट.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, मालवण