पकडून सोडायचा तर पकडायचा कशाला?

मेकॅनिक्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
१२ ऑगस्ट

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जिवात जीव आला. त्यांना म्हणावं, चालायची घाई करू नका, पण व्यायाम एक दिवसही चुकवू नका.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मी पाठवलेला स्मॉलमाउथ बास माशाचा फोटो पाहून तू लिहिलंयस, ‘एवढा देखणा मासा हाताला लागला आणि तू तो परत सोडलास? पकडून सोडायचा तर पकडायचा कशाला?’ फोनवर बोलायला गेलो असतो तर दोन मिनिटांत आपलं वाजलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय. सप्टेंबरअखेर तू लेकीकडे न्यू जर्सीला येणार, तेव्हा तुला नदीवर न्यायचंच आहे. त्याआधी हे सगळं तुझ्या कानावर घातलेलं बरं.

नदीचं नाव ससक्वेहाना. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनच्या तळ्यातून निघते आणि सातशे किलोमीटरहून जास्त वाहून चेसापीकच्या उपसागराला मिळते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या नद्यांत हीच सगळ्यांत लांब, पण हिच्यातून जहाजं चालत नाहीत, कारण पाणी उथळ. आमच्या हॅरिसबर्गपाशी पात्र दीड किलोमीटरच्या आसपास रुंद आणि उन्हाळ्यात कितीतरी ठिकाणी पाणी मांडीलाही लागत नाही. होडीला साधा पंखा लावला तर तो खडकावर आपटून मोडायचा, म्हणून इथले लोक पाणी ओढून जोरात मागे फेकणारी जेट इंजिनं लावतात. शहराच्या वरच्या अंगाला रॉकव्हिलचा रेल्वेपूल आहे. १९०२ चा, अठ्ठेचाळीस दगडी कमानींचा. दगडी कमानींचा इतका लांब रेल्वेपूल जगात दुसरा नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावरून तासन्‌तास कृष्णेकडे बघत उभा राहणारा तू, तुला तिथून हलवायला मला हाताला धरून ओढावं लागेल.

पण खरी गंमत पुलाखालच्या पाण्यात. इथे डोंगरांच्या रांगा नदीला आडव्या येतात आणि नदी त्यांना कापत जाते. त्यामुळे तळाशी कातळाच्या पट्ट्या या काठापासून त्या काठापर्यंत आडव्या पसरल्यात. पाणी एका पट्टीवरून खळाळत उतरतं, खाली खोलगट जागेत मुरतं, पुन्हा पुढच्या पट्टीवर चढतं. स्मॉलमाउथ बास राहतो तो इथे. ऐन धारेत नाही, आणि अगदी साचलेल्या पाण्यातही नाही. खडकामागे जिथे वेगाचं आणि निवांत पाणी एकमेकांना घासून जातं, तिथे पाण्यावर एक बारीक शिवण दिसते. मासा त्या शिवणीच्या आतल्या अंगाला तोंड धारेकडे करून थांबतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. ही शिवण ओळखायला आली की अर्धं काम झालं. कृष्णेच्या काठी आपण गळ टाकून ज्वारीच्या ताटाचा तुकडा कधी बुडतो याची वाट बघत बसायचो. इथे बसणं नाहीच. चालायचं, थांबायचं, पाणी वाचायचं, एक फेक टाकायची, पुन्हा चार पावलं पुढे.

मासा कसा दिसतो ते फोटोत नीट कळत नाही. अंगाचा रंग जुन्या काशाच्या भांड्यासारखा, त्यावर उभे गडद पट्टे आणि डोळा लालभडक. नाव ‘लहान तोंडाचा’ असलं तरी तोंड लहान नाही बरं का. त्याचा भाऊ लार्जमाउथ, त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, याचा डोळ्याखालीच संपतो, एवढाच फरक. आवडतं खाणं क्रेफिश, म्हणजे नांग्या असलेलं, झिंग्याच्या चणीचं, दगडाखाली राहणारं जनावर. परवा एका बासच्या तोंडातून गळ काढताना आत पाहिलं, तर घशातून क्रेफिशच्या दोन मिशा बाहेर आलेल्या. आधीचा घास पुरता गिळून झाला नव्हता आणि गडी दुसऱ्यावर तुटून पडला होता! क्रेफिश घाबरला की शेपटी मारत उलटा पळतो. म्हणून आम्ही शिशाच्या डोक्याच्या गळावर मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी चढवतो, तिला ट्यूब म्हणतात, आणि ती तळाच्या दगडांवरून हलके हलके सरकवतो. मासा लागतो तेव्हा जोराचा हिसका बसेलच असं नाही. पुष्कळदा रॉडमधून नुसती ‘टक्‌’ अशी जाणीव होते, किंवा दोर उगाच बाजूला सरकायला लागतो. तेवढ्यात ओढायचं. मग मात्र तो आधी खाली दगडांत घुसतो, तिथून धारेचा फायदा घेत बाजूला पळतो आणि तू सैल पडलास की पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकतो. किलोभराचा मासा, पण मनगटाला कळ लावतो.

आमच्या नदीनं या खेळाला एक मोठी देणगी दिलीय. इथून खाली मिडलटाउन नावाचं गाव आहे. तिथले बॉब क्लाउझर मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवायचे आणि लोकांना नदीवर वाटाडे म्हणूनही न्यायचे. १९८७ च्या सुमारास त्यांनी याच माशासाठी एक फ्लाय, म्हणजे गळावर बांधायचं हलकं नकली आमिष, बांधली. हरणाच्या शेपटीचे केस आणि गळाच्या पुढच्या टोकाला शिशाचे दोन डोळे, बस. त्या वजनामुळे ती डोक्यावर बुडते, ओढली की उचलते, सोडली की पुन्हा बुडते. घाबरलेली बारकी मासळी पळते तशी. लेफ्टी क्रे या नावाजलेल्या फ्लाय-मच्छीमारानं तिला ‘क्लाउझर डीप मिनो’ नाव दिलं आणि आज ती जगभर समुद्रातही वापरतात. माझ्या पेटीत तिचे चार-पाच रंग आहेत. पांढरी-हिरवी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलीय.

तू लगेच विचारशील, हा मासा मूळचा इथला का? नाही. मूळ घर पंचमहासरोवरांचं खोरं, ओहायो आणि मिसिसिपीच्या वरच्या नद्या. १८५४ मध्ये काही मासे आगगाडीच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून डोंगरापलीकडून आणले आणि पोटोमॅकच्या खोऱ्यात सोडले. ससक्वेहानात तो त्यानंतर आला. या नदीचा हक्काचा मासा म्हणजे शॅड. तो समुद्रातून झुंडीनं वर चढायचा, पण खाली एकामागून एक धरणं झाली, १९२८ मध्ये कोनोविंगो झालं, आणि वाट बंद पडली. म्हणजे घरचा हुसकला गेला आणि पाहुणा नांदला. कृष्णेतल्या चिलापीवर तू जो राग काढतोस तो मला कळतो आणि इथेही तो प्रश्न मनात येतोच. पण दीडशे वर्षांत या माशानं नदीशी असं जमवून घेतलंय, की नदीची तब्येत बघायची तर लोक आधी याच्याकडे बघतात.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. २००५ च्या उन्हाळ्यात ससक्वेहानात आणि तिला मिळणाऱ्या जुनियाटात या माशाची बोटा-दोन बोटांची पिल्लं मरायला लागली. अंगावर पांढुरके चट्टे, जखमा. नदी आटलेली, पाणी तापलेलं, काठच्या उथळ पाण्यात रात्री प्राणवायू कमी पडलेला आणि त्यात जिवाणूंचा संसर्ग. पुढची बरीच वर्षं हे कमी-जास्त होत राहिलं. पिल्लंच वाढली नाहीत तर मोठे मासे येणार कुठून? मासेही कमी झाले. जे सापडत त्यांच्यापैकी काही नरांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी आढळल्या. २०१५ मध्ये एका बासच्या जबड्यावरची गाठ कर्करोगाची निघाली. पेनसिल्व्हेनियात या माशाच्या बाबतीत असं प्रथमच घडलं. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी कारणांची छाननी करून जी यादी केली तिच्यात सगळ्यांत वर होते रोगजंतू, परजीवी आणि पाण्यातली संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायनं, तणनाशकं धरून.

यात मला सगळ्यांत भिडलं ते हे, की आरडाओरडा आधी गळ टाकणाऱ्यांनी केला. वाटाडे, दुकानदार, रविवारी पोरांना घेऊन येणारे बाप. ‘आमच्या नदीतला मासा आजारी आहे’ असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले. राज्याच्या मत्स्य व नौका आयोगाचे तेव्हाचे कार्यकारी संचालक जॉन आरवे यांनी ही नदी सरकारदफ्तरी ‘बिघडलेली’ म्हणून नोंदवा, असा धोशा लावला. पर्यावरण खातं तयार होईना. दोन सरकारी संस्था एका माशावरून वर्षानुवर्षं भांडल्या! आणि आयोगानं आपल्या हातात होतं ते केलं. २०११ पासून नदीच्या सुमारे दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात बास घरी न्यायला बंदी घातली आणि पुढे काही वर्षं मे ते जूनच्या मध्यापर्यंत, विणीच्या काळात, त्याच्या मागे लागायलाही मनाई केली.

विणीची ही बंदी मला फार मोलाची वाटली. पाणी पंधरा-सोळा अंश सेल्सिअसला आलं की नर शेपटीनं तळाची वाळू झाडून खडीचं खोलगट घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर तिथेच थांबतो, परांनी अंड्यांवर पाणी घालत राहतो, जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. पिल्लं काळ्या ठिपक्यांसारखी वर तरंगायला लागली तरी काही दिवस त्यांच्याभोवती फिरतो. अशा वेळी तू समोर काहीही टाक, तो तोंड मारणारच, कारण त्याला ते घरट्यावरचं संकट वाटतं. त्या नराला पाच मिनिटं जरी वर काढलास तरी तेवढ्यात बारके मासे अंडी साफ करतात. गेल्या मे महिन्यात काठावरून एक घरटं पाहिलं. रॉड गाडीतच ठेवला होता. तासभर नुसता बघत होतो.

शिवाय याची वाढ अगदी सावकाश. नदीतल्या बासला फूटभर व्हायला तीन-चार वर्षं लागतात. फोटोतला मासा अठरा इंचांच्या पुढचा होता, म्हणजे दहा वर्षांच्या आसपासचा. तो त्या वाईट काळाच्या शेवटी-शेवटी जन्मलेला असणार. तेवढे पूर, तेवढे हिवाळे काढलेला जीव मी तासाभराच्या कालवणासाठी कापू? मला नाही जमत. भूक असती तर गोष्ट वेगळी होती. आपण लहानपणी शिंगाळा आणि मरळ घरी न्यायचो तेव्हा आई वाट बघत असायची, त्यात काही चूक नव्हती आणि आजही नाही.

तुझ्या पुढच्या शंकेचंही उत्तर देतो: सोडलेला मासा जगतो का? नीट सोडला तर बहुतेक जगतो. मी गळाचे काटे पक्कडीनं दाबून टाकतो, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला लावत नाही, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर जातो. शक्यतो पाण्यातच गळ काढायचा, फोटो एकच, आणि मग धारेकडे तोंड करून खालून आधार द्यायचा. ताकद आली की शेपटीचा फटका मारून तो आपणच निघतो. भर उन्हाळ्यात पाणी फार तापलं की दुपारी मी नदीवर जातच नाही. गेल्या काही वर्षांत पिल्लांचा आजार बराच कमी झालाय आणि मोठे मासे पुन्हा चांगले लागतायत. सगळं आलबेल आहे असं कुणी म्हणत नाही. शेतांतून वाहून येणारं खत आणि फवारे अजून आहेतच.

सांगलीत मेलेल्या माशांचा खच काठाला लागला तेव्हा तू मला जे लिहिलं होतंस ते पत्र मी जपून ठेवलंय. चार दिवस बातम्या आल्या, मग सगळे गप्प, असं तू म्हणाला होतास. म्हणून तर हे एवढं लांबण लावलं. आपल्याकडे मासा राखायची रीत नाही असं थोडंच आहे? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत देवीचे मासे कुणी मारत नाही. किती मोठाले खडस त्या डोहात फिरतात, आपण दोघांनी कॉलेजात असताना चुरमुरे टाकून पाहिलेत. त्या डोहापुरती देवी आहे. बाकीच्या नदीसाठी तुझ्यासारख्या रोज नदीवर जाणाऱ्यांनी बोलायला हवं, आणि तुला तिथले लोक ओळखतात, तुझं ऐकतात. येशील तेव्हा इथल्या गळवाल्यांशी तुझी गाठ घालून देतो. त्यांनी काय नोंदी ठेवल्या, कुणाला कशी पत्रं लिहिली, त्यांनाच विचार.

आता कामाचं. सप्टेंबरअखेरचा तुझा बेत उत्तम आहे. पाणी थंड होत जातं, नितळ असतं आणि हिवाळ्यापूर्वी मासा खाण्यावर तुटून पडतो. पुढे पाणी दहा अंशांखाली गेलं की तो खोल डोहात जाऊन जवळपास हलायचाच थांबतो. पांढऱ्या मेफ्लाय या उडणाऱ्या माश्यांचे थवे मात्र तुला दिसणार नाहीत, ते आत्ताच, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, संध्याकाळी नदीवर उतरतात. नदीच्या खालच्या अंगाला कोलंबिया गावात तर २०१५ च्या जूनमध्ये अशाच मेफ्लाय माश्या पुलावर इतक्या साचल्या, की गाड्या घसरायला लागल्या आणि पूल बंद ठेवावा लागला.

एडिसनहून तुला आणायला मी येईन, गाडीनं तीनेक तास लागतात. लायसन्स ऑनलाइन मिळतं. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं कळव. पाण्यात चालायचे नमद्याच्या तळव्यांचे बूट माझ्याकडे जादा आहेत, तुझा नंबर नऊच ना? इथले दगड शेवाळानं तुळतुळीत असतात, साध्या बुटांनी उभंही राहता येत नाही. लाइफ जॅकेट घालायचं, त्यावर वाद नको. आणि हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीटचा बंधारा लांबूनच दाखवीन. दिसायला आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यापेक्षाही साधा, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि माणसाला सोडत नाही. पुष्कळ जीव गेलेत तिथे.

येताना काळा मसाला अर्धा किलो आण, सीलबंद. मासे बाजारातून आणू, कालवण तू कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद