ओट्याची उघडी कड

महोदय,

लॅमिनेटचा ओटा घरच्या घरी कापून बसवण्याविषयी जे लेख येतात, त्यांत सगळा भर टवके न उडवता सरळ कसे कापावे यावर असतो. ओटा वाया जातो तो मात्र बहुधा सिंकच्या भोकापासून. तिथे लॅमिनेटखालचा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) उघडा पडतो, पाणी पितो आणि फुगतो. एकदा फुगला की पुन्हा बसत नाही, वरचे लॅमिनेटही उचलले जाते.

आधी टवक्यांचे पाहू. करवतीचे दात ज्या बाजूने बाहेर पडतात, त्या बाजूला टवके उडतात. हातात धरायची गोल करवत आणि जिगसॉचे (अरुंद, वरखाली चालणाऱ्या पात्याच्या विजेच्या करवतीचे) साधे पाते खालून वर कापतात, म्हणून फळी पालथी ठेवून मागून कापावी. पालथ्या फळीवर डावे-उजवे उलटते. हे विसरले की सिंक भलत्याच टोकाला जाते!

सिंकचा कागदी साचा चिकटवण्याआधी त्यावरची रेघ सिंकच्या बाहेरच्या कडेची आहे की कापायची, हे तपासावे. मग चारही कोपऱ्यांत, रेघेच्या आत, 10 ते 12 मिमीचे भोक पाडून जिगसॉ घालावा. कोपरा टोकदार ठेवला तर ताण तिथेच एकवटतो आणि लॅमिनेटला चीर जाते. शेवटची बाजू कापताना आतला तुकडा खालून टेकू देऊन धरावा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने तुटून कडेचे लॅमिनेट सोबत घेऊन जातो.

आता वगळली जाणारी पायरी. कापलेल्या कडेवरचा भुसा झटकून पॉलियुरेथेन वार्निशचे निदान दोन हात द्यावेत. पहिला हात बोर्ड पिऊन टाकतो, म्हणून तो पूर्ण सुकल्यावरच दुसरा. त्यावर सिंकच्या काठाखाली सिलिकॉनची अखंड धार हवी. नुसत्या सिलिकॉनवर विसंबणे मला पटत नाही, कारण ते कालांतराने एखाद्या ठिकाणी सुटतेच.

भिंत क्वचितच सरळ असते. ओट्याची रुंदी थोडी जास्त ठेवून, सर्वांत रुंद फटीइतका कंपास उघडून भिंतीचा आकार ओट्यावर उतरवावा. स्क्रू खालून मारायचे, तेही लांबी मोजून: खालच्या कपाटाच्या 18 मिमीच्या पट्टीतून 38 मिमीच्या ओट्यात जायला 40 मिमीचा स्क्रू पुरतो, 60 मिमीचा वर येतो.

टोकाच्या कडेला लॅमिनेटची पट्टी लावताना रबर अॅडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर लावून, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ देऊन, बोटाला चिकटेनासे झाल्यावरच जोडावे. एकदा टेकलेली पट्टी सरकत नाही. पट्टीचा जादा भाग घासताना कानस नेहमी बोर्डाच्या दिशेने चालवावी, उलट ओढली तर पट्टी उचकटते. या अॅडहेसिव्हची वाफ पेट घेते, तेव्हा शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या ठेवूनच काम करावे.

– एक वाचक